आज दिवसभर खंड

भूगोलबाईंनी जगातले सातही खंड कोळून प्यायले होते. पण त्यांच्या डोक्याला ताप होता तो आठव्याचा, आणि तो कुठल्याच नकाशात सापडत नव्हता.

त्याचं असं होतं. बाई कॉलेजात हंगामी होत्या. हंगामी म्हणजे एका सत्रापुरती नेमणूक. सत्र संपलं की नेमणूक संपली, पुढचं सुरू झालं की नवी नेमणूक. आता कुणी म्हणेल, मग बिघडलं काय, एक सुटली की दुसरी लागलीच. तर गोम तिथेच होती. दोन नेमणुका एकमेकींना चिकटल्या की नोकरी सलग होते, आणि सलग नोकरी करणारा माणूस एक दिवस उठून म्हणतो, मला कायम करा. ती वेळ येऊ नये म्हणून दोन नेमणुकांच्या मधे एक दिवस कोरा सोडायचा. त्या दिवशी बाई नोकरीत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत आहेत. या कोऱ्या दिवसाला ऑफिसात नाव होतं 'खंड'. "बाई, तुमचा खंड मंगळवारी येतोय बरं का," असं कारकून भाऊसाहेब सांगायचे, जणू बाईंच्या माहेरचंच कुणी येणार आहे.

कॉलेज होतं टिचभर आणि हंगामी होते पोतंभर. सगळ्यांचे खंड एकाच दिवशी पाडले असते तर कॉलेजला टाळंच लावावं लागलं असतं, म्हणून ते पाळीपाळीने पाडत. खंडाच्या दिवशी कॉलेजच्या आवारात पाऊल टाकायचं नाही असा प्राचार्यांचा कडक दंडक होता. मागे एक हंगामी सर विसरलेली छत्री न्यायला आले, तर प्राचार्यांनी त्यांना फाटकाबाहेरच उभं केलं आणि छत्री भिंतीवरून फेकली.

घरच्यांना मात्र खंड फार सोयीचा. बाईंच्या सासूबाई वर्षभर कामं साठवून ठेवत. पडदे खंडाला, गाद्या पुढच्या खंडाला, माळ्यावरचा पसारा त्याच्या पुढच्या. शेजारीण काही मागायला आली की म्हणायच्या, "आता नाही जमायचं, आमच्या सुनेच्या खंडाला या." बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं काम सारखं वरखाली, पण नोकरी कायम. सासूबाईंना हे काही पटत नसे. "हा लोंबकळतो तो कायम, आणि तू जमिनीवर उभी राहून शिकवतेस ती हंगामी," त्या म्हणत. "तुमच्या कॉलेजाचं डोकं ठिकाणावर आहे का गं?"

बाई हसण्यावारी न्यायच्या, पण त्यांना कायम व्हायचं होतं. पगारासाठी व्हायचं होतंच, उगाच खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त यासाठी, की वर्षातून दोनदा कुणीतरी आपल्याला तोंडावर सांगतं, उद्या तुम्ही नाही आहात, हे त्यांना सोसवत नसे. पहिल्या खंडाला त्या रडल्या होत्या. नंतर नंतर रडू यायचं थांबलं, आणि हे थांबलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं.

तर त्या मंगळवारी बाई स्टुलावर चढून पडदे काढत होत्या, आणि इकडे कॉलेजात भाऊसाहेबांनी सकाळीच फळ्यावर सूचना लिहून टाकली होती. भाऊसाहेब शब्दांच्या बाबतीत महाचिक्कू. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा सुटायचा नाही त्यांच्या हातून. 'भूगोलाच्या बाईंचा आज सेवाखंड असल्यामुळे तास होणार नाहीत,' एवढी लांबण कोण लावणार? त्यांनी लिहिलं : 'भूगोल : आज दिवसभर खंड.' पोरांना काय ते कळत होतं. पोरं आनंदात कँटीनला गेली.

आणि नेमकी त्याच दिवशी, न सांगता न सवरता, विद्यापीठाची तपासणी समिती येऊन दारात उभी राहिली.

समितीत तिघं होती. पण दोघं नुसती मान हलवायला होती, खरी समिती म्हणजे अध्यक्षबाई. करड्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि स्वतः उभा जन्म भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या हिंडत होत्या एकाच गोष्टीच्या शोधात. हंगामी लोकांच्या नोकरीत असे खोटे खंड पाडायचे नाहीत, असा विद्यापीठाने नुकताच नियम केला होता, आणि कोणतं कॉलेज तो मोडतंय हे त्यांना पकडायचं होतं. प्राचार्यांनी तर विद्यापीठाला ठणकावून कळवलं होतं, आमच्याकडे एकही खंड नाही.

प्राचार्य धापा टाकत दारापर्यंत पोचले तेव्हा अध्यक्षबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. 'भूगोल : आज दिवसभर खंड.' मेलो, प्राचार्य मनात म्हणाले.

"वा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दिवसभर खंड? एका विषयाला अख्खा दिवस? अहो, आमच्या काळी सातही खंड एका तासात उरकायचे. आम्हाला हा तास बघायचाय."

प्राचार्यांना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांना अध्यक्षबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. "बघा की," ते म्हणाले, "अवश्य बघा. आधी चहा घ्या. चहा जरा सावकाश होतो आमच्याकडे." आणि त्यांनी ऑफिसात शिरून बाईंना फोन लावला.

"बाई, असाल तशा निघा."

"सर, मी आज नाहीये," बाई स्टुलावरून म्हणाल्या.

"नाहीये म्हणजे? बरं नाही का?" प्राचार्य घाईगडबडीत विचारून गेले.

"बरं नसायलासुद्धा नोकरी असावी लागते, सर. आज माझा खंड आहे. तुम्हीच पाडलाय."

प्राचार्यांनी घडला प्रकार सांगितला. सांगताना ते इतकं हळू बोलत होते की बाईंना तीनदा 'काय?' म्हणावं लागलं. मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज आपण शिकवलं आणि समितीने ते पाहिलं, तर आज आपण नोकरीत होतो. म्हणजे खंड गेला, नोकरी सलग झाली, आणि कायम होण्याचा हक्क आला. हे त्यांना कळलं त्याच क्षणी प्राचार्यांनाही कळलं.

"पण एक आहे बाई," प्राचार्य म्हणाले. "शिकवायचं, पण कामावर असल्यासारखं शिकवायचं नाही."

"म्हणजे कसं?"

"या तर खरं. मागच्या फाटकाने या. आणि उद्याची नेमणूक अजून माझ्या टेबलावरच आहे, सही व्हायचीय, हे आपलं सहज सांगितलं."

सासूबाई खालून स्टूल धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "जा," त्या म्हणाल्या. "पडदे कुठे पळून जात नाहीत. आणि त्या मेल्याच्या धमकीला भिऊ नकोस." बाई भ्यायल्या होत्या. उद्याची सही झाली नाही तर खंड एका दिवसाचा राहणार नव्हता, जन्माचा झाला असता. त्या केस सारखे करून निघाल्या.

मागच्या फाटकापाशी प्राचार्य झाडाआड उभे होते, आणि त्यांच्याबरोबर होते शिट्टीसर. शिट्टीसर म्हणजे खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, अंगाने दणकट, मनाने लोणी, आणि कॉलेजातल्या मोजक्या कायम लोकांपैकी एक. प्राचार्यांचा बेत असा होता : समोर उभे राहणार शिट्टीसर, कारण ते कायम आहेत आणि त्यांना कितीही वेळ उभं केलं तरी कुणाला हक्क मिळत नाही. बाई बसणार बाकावर, पोरांत. शिट्टीसर विचारतील आणि बाई सांगतील.

"म्हणजे मी विद्यार्थिनी?" बाई म्हणाल्या.

"आजच्या दिवस."

"सर, माझी मुलगी दहावीला आहे."

"शिकायला वय नसतं बाई," प्राचार्य म्हणाले.

शिट्टीसर कसनुसे उभे होते. "मला फक्त एक सांगा," ते बाईंना म्हणाले, "सगळ्यात मोठा कुठला?"

"आशिया."

"बास. पुढचं बघून घेतो."

कँटीनमधून पोरं गोळा करून आणली गेली. बाई तिसऱ्या बाकावर दोन पोरींच्या मधे अंग चोरून बसल्या. समिती शेवटच्या बाकावर स्थानापन्न झाली, प्राचार्य दाराशी. शिट्टीसरांनी सवयीने शिट्टी तोंडात घातली, मग आठवण होऊन काढली.

"वर्ग, सावधान," ते म्हणाले. सगळा वर्ग उठून उभा राहिला. समितीतले दोघंही उभे राहिले. "बसा, बसा. तर खंड. खंड म्हणजे काय? मोठे मोठे असतात. सगळ्यात मोठा आशिया. उंचीप्रमाणे रांगेत लावले तर आशिया पहिला. मग बाकीचे. आपापसात अंतर ठेवून उभे आहेत, मधे पाणी. कुणी जागा सोडायची नाही."

अध्यक्षबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावरून आणखी खाली आला. "जागा सोडत नाहीत?" त्यांनी विचारलं.

शिट्टीसरांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. "तू सांग," ते बाईंना म्हणाले, आणि लगेच जीभ चावून, "म्हणजे तुम्ही सांगा. म्हणजे तू."

बाई उठल्या. "सोडतात, सर," त्या म्हणाल्या.

"या विद्यार्थिनी जरा..." अध्यक्षबाई म्हणाल्या.

"उशिरा लागलेली गोडी," प्राचार्य दारातून म्हणाले.

बाईंनी ठरवलं होतं, दोन वाक्यं बोलायची आणि बसायचं. दोन वाक्यं बोलल्यासुद्धा. पण शिट्टीसरांनी भूगोलाची जी काही दशा केली होती ती त्यांना बघवेना. शेजारची पोरगी वहीत 'उंचीप्रमाणे रांगेत' असं लिहून घेत होती. ते बघून बाईंच्या अंगात आलं म्हणा ना. त्यांनी तिच्या वहीचं मागचं पान मागून घेतलं, टरकन फाडलं, दोन तुकडे बाकावर शेजारी शेजारी ठेवले. "हे बघा, एके काळी हे असे एकत्र होते. कडा बघा, बरोबर जुळतात की नाही?" मागच्यांना दिसेना, मागचे उठून पुढे आले. मग बाईच पुढे गेल्या. खडू त्यांनी कधी घेतला त्यांनाही कळलं नाही. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती कशी हळूहळू सरकतेय, नखं वाढतात तितक्या वेगाने, हे त्या सांगायला लागल्या आणि पोरं आपापल्या नखांकडे बघायला लागली. शिट्टीसर जाऊन बाईंच्या रिकाम्या जागेवर बसले. "म्हणजे आत्ता पण सरकतेय?" त्यांनी विचारलं, आणि बाक घट्ट धरला.

प्राचार्य दारातून हातवारे करत होते. बसा, बसा. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या शिकवत होत्या, बस्स. स्टूल, पडदे, सही, काही त्यांच्या ध्यानीमनी उरलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही, आणि अध्यक्षबाईंनी चक्क डोळे पुसले.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "आता जाता जाता एक सोपा प्रश्न विचारते." त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं. "सांग बाळ, एकूण खंड किती?"

ही मुलगी फार सरळ. इतकी सरळ की परीक्षेतही प्रश्नाचा नेमका अर्थ काय हे विचारायला तीनदा उठायची. ती उभी राहिली, तिने जरा विचार केला आणि विचारलं, "बाईंचे धरून की सोडून?"



"बाईंचे म्हणजे?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

प्राचार्य दारातून तीरासारखे आत आले. "ग्रंथ," ते म्हणाले. "ग्रंथाचे खंड. बाईंनी, म्हणजे या विद्यार्थिनीने, ग्रंथ लिहिलाय. अनेक खंडांत."

"विद्यार्थिनीने? कुठे मिळेल वाचायला?"

"अप्रकाशित आहे," प्राचार्य म्हणाले.

"फारच मोठं काम," समितीतला मान हलवणारा एक जण म्हणाला.

अध्यक्षबाई बाईंकडे वळल्या. "तुम्ही खंड लिहिलेत?"

बाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी अध्यक्षबाईंच्या पाठीमागे हात जोडले होते. मग त्यांनी हवेत सही केल्यासारखं केलं, म्हणजे सही करतो, उद्याच करतो, तेवढं गप्प बसा. बाईंना ते समजलं. हो म्हटलं तर उद्याची नेमणूक नक्की होती, आणि सहा महिन्यांनी गाद्या. नाही म्हटलं तर काय होईल ते कुणी सांगावं. हातातल्या खडूचा पार चुरा झाला होता. पण एक होतं, आत्ता वर्गातलं प्रत्येक पोर त्यांच्याकडे बघत होतं आणि आपण इथे नाही असं म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

"लिहिले नाहीत, मॅडम," त्या म्हणाल्या. "ते माझ्या नोकरीत पडलेत. आजचा धरून अकरा. फळ्यावर लिहिलाय तो माझाच आहे."

अध्यक्षबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही आज कामावर नाही?"

"नाही."

"मग आत्ता इथे काय केलंत?"

"खंड शिकवले."

"मी पण कबूल करतो," शिट्टीसर मधेच उठून म्हणाले. "मला आशियाच्या पुढे काही येत नाही."

पुढचं बोलणं प्राचार्यांच्या खोलीत झालं, दार लावून. बाहेर फक्त अध्यक्षबाईंचा आवाज येत होता. निघताना त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांच्या सेवेत खंड नाही. आजचाही नाही, मागचेही नाहीत. यांची सेवा अखंड. तसा आदेश काढा, उद्याच. आणि यांचा एक तास रिकामा गेलेला मला चालायचा नाही."

प्राचार्य रात्रभर तळमळले असावेत, कारण सकाळी ते डोळे चोळत पण हसत आले. त्यांना युक्ती सापडली होती. अध्यक्षबाई अखंड म्हणाल्या होत्या, कायम हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. त्यांनी भाऊसाहेबांना मजकूर सांगितला आणि बाईंना बोलावून आदेश हातात ठेवला. 'आपणांस या महाविद्यालयात भूगोल विषयासाठी अखंड हंगामी अध्यापिका म्हणून नेमण्यात येत आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "अखंड हंगामी?"

"म्हणजे आता खंड नाही," प्राचार्य खुशीत म्हणाले. "पण हंगामी आहात. अध्यक्षबाईंचंही समाधान, माझंही. मी सहीसुद्धा केलीय."

बाईंना हसावं की रडावं कळेना. एवढं धाडस केलं आणि हाती हे आलं? घरी काय सांगायचं? त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच त्यांनी कागदावर खाली पाहिलं. 'नेमणुकीची अखेर' असं लिहून पुढे नुसती आडवी रेघ होती. "भाऊसाहेब, इथली तारीख राहिलीय."

"राहिली नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मी साहेबांना विचारलं, अखेरची तारीख काय घालू. साहेब म्हणाले, अखंड आहे ना, मग अखेर कसली, रेघ मारा."

"बरोबर," प्राचार्य म्हणाले.

"आणि मधे खंड नाही."

"नाही."

भाऊसाहेबांनी कान खाजवला. "मधे खंड नाही, शेवटाला अखेर नाही. साहेब, अशा नोकरीला आपल्या नियमांत एकच शब्द आहे. मला वाटलं तुम्ही मुद्दामच लिहिलंत."

प्राचार्यांनी आदेश मागायला हात पुढे केला. पण बाईंनी तो आधीच पर्समध्ये टाकून चेन ओढली होती. प्राचार्य खुर्चीत बसले. भाऊसाहेबांनी न सांगताच त्यांना पाणी आणून दिलं.

बाईंना एकदम हलकं वाटलं. आता आपण कायम आहोत, आता आपल्याला कुणी घरी बसवू शकत नाही. आणि मग त्यांच्या मनात आलं, की आता घरी बसायचं तर आपण आपल्या मर्जीने बसू. इतक्या वर्षांत त्यांनी रजा म्हणून कधी घेतली नव्हती, कारण हंगामीला रजा नसते, नुसता खंड असतो. त्यांनी भाऊसाहेबांकडून एक कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच अर्ज लिहिला : उद्या एक दिवस रजा मिळावी. कारणाच्या जागी त्यांनी 'सहज' असं लिहिलं, आणि लिहिताना त्यांना इतका आनंद झाला की त्याखाली त्यांनी एक रेघ ओढली.

प्राचार्यांनी अर्ज वाचला. "घ्या, घ्या," ते खचलेल्या आवाजात म्हणाले. "हक्कच आहे आता तुमचा. पण तास रिकामा ठेवायचा नाही असं ती बाई बजावून गेलीय. भाऊसाहेब, उद्यापुरती कुणी हंगामी भूगोलवाली मिळते का बघा."

"मिळेल की," भाऊसाहेब म्हणाले. "अर्ज ढीगभर पडलेत. आणि परवा?"

"परवा तिला खंड," प्राचार्य म्हणाले.

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या थांबल्या, मागे आल्या, टेबलावरचा अर्ज उचलला आणि त्याची घडी केली.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "उद्या मी येते."